साडेतेरा डॉलर

लग्नाचा बस्ता म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांचे पाय गांधीनगरकडे वळतात. बहिणीच्या लग्नासाठी आम्हीही गेलो. आई आणि मावशी साड्यांच्या ढिगापुढे बसल्या, तसे मी आणि मामा चहाला बाहेर पडलो. मामा 1993 साली स्टुटगार्टला गेले. तिथल्या एका कारखान्यात यंत्रं सांभाळली, तिथलंच नागरिकत्व घेतलं आणि आता निवृत्त झालेत. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. आमचं एरवी छान जमतं. फक्त एका विषयावर दरवर्षी वाजतं, आणि त्या दिवशी आम्ही त्या विषयावरच उभे होतो.

"ही जागा काय होती, माहीत आहे ना तुला?" मामांनी विचारलं.

माहीत होतं. वळिवडे. 1943 ते 1948 या काळात इथं पोलंडचे सुमारे 5,000 निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं घरातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलेली आणि तिथून सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात पोचलेली माणसं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती. ते गेले आणि त्याच जागेवर फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले. आम्ही ज्या बाजारात उभे होतो, तो त्यांनी उभा केला.

"मग माझं म्हणणं इथंच दिसतंय बघ," मामा म्हणाले. "जागा कोल्हापूर संस्थानानं दिली, पण छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमध्ये बसलेलं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं. जागा एकाची, पैसा दुसऱ्याचा. युद्ध संपलं, माणसं पांगली, कुणाचं काही बिघडलं नाही. श्रीमंत देशानं असंच करावं. संकटाशेजारच्या देशाला भरपूर पैसे द्यावेत आणि माणसं तिथंच राहू द्यावीत. 2015 मध्ये जर्मनीनं उलटं केलं."

"दार उघडलं, हे चुकलं?"

"उघडलं म्हणून नाही, न मोजता उघडलं म्हणून चुकलं. त्या एका वर्षात आठ लाख नव्वद हजार माणसं आली. बर्लिनच्या बंद पडलेल्या टेंपलहोफ विमानतळाच्या हँगरमध्ये खाटा टाकाव्या लागल्या. आमच्या गावची व्यायामशाळाही गेली. मी काही हात बांधून बसलो नव्हतो हं. दर शनिवारी जाऊन त्यांना जुन्या सायकली दुरुस्त करून देत होतो. पोरं गुणी होती. पण मी बघत होतो की आलेत ते कोण. धडधाकट, तरणे, दलालाला पैसे मोजू शकलेले. तीन लेकरांची विधवा तिकडं लेबनानच्या बेका खोऱ्यात तंबूतच राहिली. ती कशी येणार? समुद्रात रबरी होडीवर बसायला ताकद लागते आणि पैसा लागतो. मग ज्यांना सगळ्यांत जास्त गरज, त्यांच्यासाठी आम्ही काय केलं?"

मामांचा हा मुद्दा खोटा नाही, आणि मी तो वर्गात मांडतेही. एका माणसाला जर्मनीत ठेवायला जो खर्च येतो त्यात लेबनानमध्ये किती जणांचं भागेल, हा हिशेब निष्ठुर नाही. 2024 पासून जर्मन केंद्र सरकार आश्रय मागणाऱ्या दर माणशी वर्षाला 7,500 युरो राज्यांना देतं, आणि राज्यं म्हणतात की तेवढ्यात भागत नाही. शिवाय हा घरातला खर्च सुरुवातीच्या 12 महिन्यांपुरता परदेशी मदतीच्या हिशेबात धरायला मुभा आहे. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यावी, असा संयुक्त राष्ट्रांचा ठराव 1970 चा. जर्मनीनं ती रेघ पहिल्यांदा गाठली 2016 मध्ये. त्यातून घरातल्या निर्वासितांवरचा खर्च वजा केला तर आकडा 0.52 उरतो. म्हणजे ज्या पैशानं सुदानमध्ये किंवा येमेनमध्ये काही पोचायचं, तो कागदावर तिकडं गेला आणि प्रत्यक्षात जर्मनीतल्या घरभाड्यात आणि खाटांत खर्च झाला. हे मला पटत नाही, आणि मामांनाही नाही.

"पण मामा," मी म्हटलं, "ती विधवा बेका खोऱ्यातल्या तंबूत खात काय होती, सांगा."

"म्हणजे?"

"जागतिक अन्न कार्यक्रमाकडून तिला एक कार्ड मिळालेलं, त्यात महिन्याला पैसे भरले जायचे. त्यावर ठरलेल्या दुकानातून पीठ, तेल, साखर घ्यायची. जुलै 2015 मध्ये त्या कार्डावर माणशी किती पैसे होते? साडेतेरा डॉलर. अख्ख्या महिन्याचे. पैसे नव्हते म्हणून रक्कम कापत कापत निम्म्यावर आणली होती. सप्टेंबरमध्ये जॉर्डनमधल्या, छावणीबाहेर राहणाऱ्या 2 लाख 29 हजार सीरियनांचं तर कार्डच बंद झालं. त्याच सप्टेंबरात तुमच्या म्यूनिकच्या स्टेशनावर गाड्या भरून माणसं उतरत होती."

मामा गप्प राहिले. मी पुढं बोलत राहिले, कारण हा विषय मला शांतपणे मांडता येत नाही.

सीरियातलं युद्ध 2011 मध्ये सुरू झालं. बाहेर पडलेली माणसं चार वर्षं शेजारीच थांबली होती: तुर्कस्तान, लेबनान, जॉर्डन. लेबनान आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान, आणि त्यात अकरा-बारा लाख सीरियन नोंदलेले. दर चार लेबनानी माणसांमागे एक निर्वासित. ही माणसं युरोपच्या ओढीनं निघालेली असती तर पहिल्याच वर्षी निघाली असती. ती थांबली, कारण उद्या-परवा घरी जाऊ असं त्यांना वाटत होतं. साठवलेलं संपलं, बायकांच्या अंगावरचं सोनं विकून झालं, काम करायला परवानगी नाही, पोरं शाळेबाहेर, आणि त्यात शिधा निम्म्यावर. मग माणसानं करायचं काय? संयुक्त राष्ट्रांचे त्या वेळचे निर्वासितांचे उच्चायुक्त अंतोनियो गुटेरेस यांनीही माणसं निघण्यामागे शिधाकपात हे मोठं कारण असल्याचं सांगितलं होतं. होडीत बसायला ताकद लागते हे मामांचं खरंच आहे. पण होडीत बसायची वेळ कुणी आणली? पैसे न पाठवणाऱ्या श्रीमंत देशांनीच.

"तुमचा उपाय चुकीचा नाही, मामा. तिकडं पैसा पाठवावा, हे अगदी बरोबर. पण तो पाठवलाच नव्हता, आणि पाठवला नाही म्हणून माणसं आली."

"मग पुढच्या वर्षी पाठवला की! तेही सांग."

पाठवला. फेब्रुवारी 2016 मध्ये लंडनला सीरियासाठी परिषद झाली, तिथं जर्मनीनं 2018 पर्यंत 230 कोटी युरो द्यायचं कबूल केलं. अन्न कार्यक्रमाला त्या वर्षी जर्मनीकडून पूर्वी कधी नव्हती एवढी रक्कम गेली. मार्चमध्ये युरोपनं तुर्कस्तानशी करार केला, आधी 300 आणि मग आणखी 300 कोटी युरोंचा. त्या करारात माणसं अडवण्याचाही भाग होता, तो मला आवडत नाही. तरी साडेतेरा डॉलरचा धडा तेव्हा बर्लिनमध्ये सगळ्यांना कळला होता, एवढं मी मान्य करते. म्हणूनच नंतरचं जास्त लागतं. 2024 मध्ये जर्मन परराष्ट्र खात्याकडे संकटकाळच्या मानवतावादी मदतीसाठी 223 कोटी युरो होते. 2025 च्या अंदाजपत्रकात ते सुमारे 105 कोटींवर आले. एका वर्षात निम्मे. आणि हे कधी? तर निर्वासित उच्चायुक्तालयाला मिळणाऱ्या पैशांपैकी जवळपास 40 टक्के देणाऱ्या अमेरिकेनं हात आखडता घेतला, त्याच वर्षी. उच्चायुक्तालयानं सुमारे 3,500 पदं कमी केली. त्या पदांवरची माणसं नुसती फाइली हलवणारी नव्हती. छावणीच्या दारात नोंद करणारी, एकटी आलेली मुलं हुडकणारी, बलात्कार झालेल्या बाईला दवाखान्यात नेणारी होती.

"ट्रम्प काय करतो त्याला आम्ही काय करणार?" मामा जरा चिडूनच म्हणाले. "त्यानं सोडलेली जागा एकट्या जर्मनीनं भरायची? आखाती देश कुठं आहेत? जपान कुठं आहे? जपाननं 2024 मध्ये 190 लोकांना निर्वासित म्हणून मान्यता दिली. एकशे नव्वद! आमच्याकडं सत्तावीस लाख आहेत."

इथं मामांचं गाऱ्हाणं रास्त आहे. पण त्यातूनच मला जे दिसतं ते त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांना गल्लीतल्या गणपतीची आठवण करून दिली.

"वर्गणी मागायला पोरं आली की तुम्ही काय करायचा?"

"द्यायचो की. शेजारच्या तात्यांचा आकडा बघून द्यायचो," मामा हसले.

"आणि घरपट्टी?"

"ती भरावीच लागते. आकडा बघायचा प्रश्न कुठं येतो?"

जगातल्या निर्वासितांचं संरक्षण आज वर्गणीवर चालतं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी प्रत्येक देशाचा हिस्सा ठरलेला असतो, तो घरपट्टीसारखा लागू होतो. निर्वासित उच्चायुक्तालयाला मात्र संयुक्त राष्ट्रांच्या नियमित निधीतून अगदी नाममात्र पैसा मिळतो. बाकीचा सगळा दरवर्षी मागून आणायचा. त्यातही देणारा सांगतो की हे युक्रेनसाठी, हे सीरियासाठी. टीव्हीवर जे युद्ध दिसत नाही त्याच्या झोळीत काही पडत नाही. प्रत्येक देश शेजारच्या तात्यांचा आकडा बघतो, आणि तात्यांनी मूठ आवळली की सगळी गल्ली मूठ आवळते. 1951 च्या निर्वासित करारानं सह्या करणाऱ्या देशांवर एक पक्कं बंधन घातलं: जिथं जिवाला धोका आहे तिथं माणसाला परत ढकलायचं नाही. पण त्याला जेवायला कुणी घालायचं, याचं बंधन कुणावरच घातलं नाही. त्यामुळे ज्याच्या सीमेवर माणूस पोचला, त्याच्यावर कायदा. आणि जो लांब आहे, त्याच्यावर फक्त लाज. 2024 अखेर जगातले 73 टक्के निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. याचं कारण त्या देशांचं मन मोठं एवढंच नाही. ते जवळ आहेत.

"पैसे द्या आणि जपानसारखं दार बंद ठेवा, हे तुम्हाला चालेल?" मी विचारलं.

"पैसे पुरेसे दिले तर का नाही?"

"कारण मग लेबनान काय म्हणेल? तुम्ही पैसे देऊन आमची जमीन भाड्यानं घेतलीत, असंच ना? त्यांच्याकडंही मतदार आहेत. तुमच्यासारखेच तिथलेही मामा आहेत, त्यांच्याही गावची शाळा दोन पाळ्यांत चालते. श्रीमंत देशानं थोडी तरी माणसं स्वतःच्या घरात घेतली, तरच शेजारच्या देशाला दार उघडं ठेवा म्हणायचा त्याला अधिकार. आणि तुमच्या त्या विधवेसाठी रांग होतीच. उच्चायुक्तालय छावणीतूनच सगळ्यांत गरजू कुटुंबं निवडतं आणि विमानानं पाठवतं. ना होडी, ना दलाल. जर्मनीनं 2025 मध्ये ती रांगच थांबवली. शिस्तीत उभ्या राहिलेल्यांना आधी बंदी."

मामांनी कप खाली ठेवला. "ते चूक आहे," ते म्हणाले. "तेवढं चूकच आहे."

मग बराच वेळ ते बोलले, आणि मला वाटतं त्या दिवसातलं महत्त्वाचं तेच होतं. त्यांची खरी भीती पैशाची नाहीच. ऑगस्ट 2024 मध्ये झोलिंगेन शहराच्या उत्सवात एकानं चाकूनं तीन माणसं मारली. तो सीरियातून आश्रय मागायला आलेला होता. नियमानुसार त्याला बल्गेरियाला परत पाठवायचं ठरलं होतं, पण पाठवलं गेलं नाही. "कायदा आहे आणि तो चालत नाही, हे लोकांना दिसलं," मामा म्हणाले. "2025 च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत निर्वासितविरोधी एएफडी पक्षाला वीस टक्क्यांवर मतं मिळाली ती काय सगळी वाईट माणसांची? माझ्यासोबत काम केलेली माणसं आहेत त्यात. आणि त्या मतांचा फटका शेवटी कुणाला बसणार? मला. माझ्या नातवाला. कातडी बघून कुणी पासपोर्ट विचारत नाही."

आणि मग त्यांनी झोलिंगेनचीच दुसरी गोष्ट सांगितली, जी ते सहसा सांगत नाहीत. ते जर्मनीत पोचले त्याच वर्षीची. 26 मे 1993 ला जर्मन संसदेनं आश्रयाचा घटनात्मक हक्क आक्रसणारी दुरुस्ती मंजूर केली. लोकांचा राग शांत व्हावा, हा हेतू. तिसऱ्या दिवशी, 29 मे ला, झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं गेलं आणि पाच जणी जळून गेल्या. त्यात लहान मुली होत्या. ते कुटुंब आश्रय मागायला आलेलं नव्हतंच, कामाला येऊन वर्षानुवर्षं तिथं राहिलेलं होतं. मामा तेव्हा भाड्याच्या खोलीत खालच्या मजल्यावर राहत. कितीतरी रात्री ते दाराशी पाण्याची बादली भरून झोपले.

मी काहीच बोलले नाही. पण मनात आलं की मामांनीच मामांना उत्तर दिलं होतं. दार आक्रसून राग शांत झाला नव्हता. झोलिंगेनच्या चाकूवर उपाय होता परत पाठवायचा ठरलेल्या माणसाला वेळेत परत पाठवण्याचा, अर्जाचा निकाल महिन्यांत लावण्याचा. बेका खोऱ्यातल्या बाईचा शिधा कापणं हा त्यावरचा उपाय होऊच शकत नाही.

"आणि एक सांग," मामा पुन्हा सरसावले. "एकाहत्तर साली मी अकरा वर्षांचा होतो. पूर्व बंगालातून एक कोटी माणसं आली. पण देश स्वतंत्र झाला आणि काही महिन्यांत ती परत गेली! आसरा म्हणजे तात्पुरता. असद डिसेंबर 2024 मध्ये पळाला. मग सीरियनांनी आता जायला नको?"

"ज्यांना जायचंय त्यांना जाऊ दे, मदतही करू दे. पण ज्यानं दहा वर्षांत भाषा शिकली, काम धरलं, त्याला कुठं पाठवता? 2015 मध्ये आलेल्यांपैकी 64 टक्के लोक 2024 पर्यंत कामाला लागले होते. बायका मागे आहेत, जेमतेम 35 टक्के, ते काम बाकी आहे. जर्मनीत सुमारे 6,000 सीरियन डॉक्टर आहेत. 2024 या एका वर्षात 83 हजार सीरियनांना तुमच्यासारखंच नागरिकत्व मिळालं. आणि एकाहत्तरचं म्हणाल तर, ती माणसं असेपर्यंत आपण काय केलं ते आठवतंय?"

आठवत होतं. मामा लहानपणी तिकिटं जमवायचे. नोव्हेंबर 1971 पासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, निर्वासित साहाय्याचं. सुरुवातीला घाईत कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच अक्षरं छापून ते काढलं होतं. भारतानं 1951 च्या करारावर तेव्हाही सही केलेली नव्हती आणि आजही नाही. तरी ज्या देशात स्वतःच्या माणसांना पोटभर मिळत नव्हतं, त्यानं एक कोटींचा भार घेतला आणि सामान्य माणसाच्या पत्रावरून पाच-पाच पैसे गोळा केले. आजोबा कुरकुरायचे, असं मामा म्हणाले. पण लावायचे.

"आमच्याकडंही असं झालं होतं," ते जरा वेळानं म्हणाले. "तुला आमच्या शेजारच्या आजी आठवतात? त्या सायलेशियातल्या. 1946 मध्ये आईचं बोट धरून आल्या. शेतकऱ्याच्या घरातली एक खोली सरकारनं ताब्यात घेऊन यांना दिली. तो शेतकरी सहा महिने यांच्याशी बोलला नाही."

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन हाकलले गेले. त्यातले जवळपास ऐंशी लाख पश्चिम जर्मनीत आले. शहरं बेचिराख, खायला नाही, आणि दर सहा माणसांत एक निर्वासित. 1952 मध्ये त्या देशानं भारवाटपाचा कायदा केला. ज्यांची मालमत्ता युद्धात वाचली, त्यांच्यावर त्या मालमत्तेच्या निम्म्या किमतीएवढा आकार बसवला. तो 30 वर्षांत, तिमाही हप्त्यांनी फेडायचा. ज्यांचं गेलं होतं त्यांना त्यातून भरपाई मिळाली, घरं बांधता आली. ही वर्गणी नव्हती, चक्क घरपट्टी होती. आणि ती भरणारा देश तेव्हा श्रीमंत नव्हता.

"तो शेतकरी हप्ते भरत होता?" मी विचारलं.

"भरत होता तर. त्याच्या मुलाशीच आजींचं लग्न झालं."

दुकानातून आईनं हाक मारली. शालू पसंत पडला होता, पैसे द्यायचे होते. पैसे मामांनी दिले. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेठजींना त्यांनी सहज विचारलं, घर मूळचं कुठलं. "सिंधचं," शेठजी म्हणाले, "शिकारपूर. वडील इथं आले तेव्हा ओळीनं रिकामी घरं होती." आणि शालूची घडी घालायला लागले.

घरी येताना गाडीत मामांनी विचारलं की जर्मनीतल्या आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला पत्र लिहायचं तर काय लिहू. मी म्हटलं, मला वाटतं ते सांगते. जर्मनीनं 2015 मध्ये दार उघडलं ते बरोबर केलं. 2025 मध्ये मदतीचा निधी निम्म्यावर आणला आणि छावण्यांतून येणारी रांग थांबवली, ते चूक केलं. निधी पूर्वीइतका करा आणि दरवर्षीच्या मर्जीवर न ठेवता बांधील करा.

पहिलं वाक्य मामांनी लिहिलं नाही. ते त्यांना अजून पटलेलं नाही. बाकीचं पत्र त्यांनी त्याच रात्री जर्मनमध्ये लिहून पाठवलं, आणि त्यात साडेतेरा डॉलरचा आकडा अक्षरांत लिहिला.